सावकारी आणि राज्य : वलंदेजांच्या मुलखातून

वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. शाळेत जाताना त्या पडक्या दगडी भिंती मला रोज दिसत, आणि हे डच एवढ्या दूरच्या आमच्या गावी कशासाठी आले होते, असे विचारले की ‘व्यापारासाठी’ एवढेच उत्तर मिळत असे. गेली आठ वर्षे मी त्याच डचांच्या देशात, नेदरलँड्समधील आइंडहोवन शहरात राहते आहे. ते उत्तर खरे असले तरी त्यात काय काय सामावले होते, ते मला इथे राहू लागल्यावर हळूहळू कळले.

हा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडा लहान आहे आणि त्याची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आहे. त्याची बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. तरीही आमच्या शहराला लागून असलेल्या फेल्डहोवन गावातील एका कंपनीने आपली यंत्रे कोणाला विकावीत, यावर गेली काही वर्षे वॉशिंग्टन आणि बीजिंगमध्ये खल चालू आहे. आमच्या इमारतीतील निम्म्याहून अधिक भारतीय कुटुंबांचा चरितार्थ या ना त्या वाटेने या कंपनीशी, म्हणजे एएसएमएलशी, जोडलेला आहे. तिथल्या अभियंत्यांकडून मी ऐकले आहे की त्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे सुमारे पन्नास हजार थेंब दर सेकंदाला सोडले जातात, प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जो प्रकाश निघतो, त्याने सिलिकॉनच्या चकतीवर अतिसूक्ष्म आराखडे उमटवले जातात. सर्वांत प्रगत चिप तयार करण्यासाठी हेच यंत्र लागते आणि जगात ते बनवणारी दुसरी कंपनी नाही. नाक दाबले की तोंड उघडते, असे आपण म्हणतो. जगाचे असे एक नाक या लहानशा गावाच्या हाती आहे.

हे बळ कुठून आले, याचा शोध घेताना मला १६०२ सालापर्यंत मागे जावे लागले. त्या वर्षी २० मार्चला डच संसदेने निरनिराळ्या शहरांतील व्यापाऱ्यांना एकत्र आणून डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली आणि केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडील व्यापाराची मक्तेदारी तिला २१ वर्षांसाठी दिली. या सनदेतील दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, कोणालाही घेता येत होते. ॲमस्टरडॅममध्ये एका संचालकाच्या घरी नोंदवही उघडण्यात आली, तेव्हा अकराशेहून अधिक लोकांनी आपली नावे नोंदवली आणि त्यात त्याच घरात काम करणाऱ्या मोलकरणीने गुंतवलेले शंभर गिल्डरही (गिल्डर हे डच चलन) होते. सामान्यांच्या बचतीतून असे भांडवल उभे राहिल्यामुळे आणि हे भाग पुढे दुसऱ्याला विकता येत असल्यामुळे, एखाद्या राजालाही सहज जमवता आला नसता इतका पैसा दीर्घकाळ एका कामात गुंतून राहू शकला. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. किल्ले बांधण्याचा, सैन्य ठेवण्याचा आणि परक्या राजांशी तह करण्याचा अधिकार या व्यापारी मंडळीला मिळाला होता.

आपल्याकडे हे मर्म फार नेमके ओळखले होते ते मराठा राज्याचे मुत्सद्दी रामचंद्रपंत अमात्यांनी. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) हे टोपीकर सावकारी, म्हणजे व्यापार, करीत असले तरी ते इतर सावकारांसारखे नव्हेत, त्या प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राज्य उभे असते, आणि म्हणून त्यांना वखारीसाठी समुद्रकिनाऱ्यावर किंवा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, असा इशारा त्यांनी ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात दिला आहे. शाळेत वाचताना तो उतारा मला केवळ जुन्या भाषेचा नमुना वाटला होता. आता वाटते की सत्तेच्या स्वरूपाविषयी इतके स्वच्छ निरीक्षण त्या काळात फार थोड्यांनी केले असेल. आदिलशाहीच्या परवानगीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात आलेल्या वलंदेजांना व्यापार करायचा होताच, परंतु गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणे आणि त्या बंदराची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या आरमाराला रसद पुरवणे, हेही त्या वखारीचे मोठे काम होते. ज्या भिंतींजवळून मी शाळेत जात असे, त्या एका युद्धाचे पिछाडीचे ठाणे होत्या.

सावकारीमागे राज्य उभे राहिले म्हणजे काय होते, याचा सर्वांत भयंकर दाखला आताच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवर घडला. जायफळ त्या काळी केवळ तिथेच पिकत असे. बांदाचे लोक जायफळ इतरांनाही विकतात म्हणून १६२१ मध्ये यान पीटरसोन कून या गव्हर्नर जनरलने बेटांवर स्वारी केली. पंधरा हजारांच्या आसपास मानल्या जाणाऱ्या लोकसंख्येपैकी कत्तल, उपासमार आणि हद्दपारीनंतर जेमतेम हजारभर लोक उरले, आणि नंतर गुलाम आणून त्यांच्याकरवी बागा कसण्यात आल्या. हे मला थोडक्यात सांगून पुढे जाता येत नाही, कारण ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठची जी देखणी घरे आपल्याकडून येणारे पाहुणे कौतुकाने पाहतात, त्यांच्या पायाभरणीत या जायफळाचाही पैसा आहे. नोंदवहीत शंभर गिल्डर लिहून देणाऱ्या त्या मोलकरणीला यातले काहीच ठाऊक नसणार. भागभांडवलाची व्यवस्था अशीच चालते, पैसा घालणारा हात आणि तलवार धरणारा हात एकमेकांना ओळखत नाहीत.

कंपनी १७९९ च्या अखेरीस बुडाली, परंतु तिचा इंडोनेशियातील मुलूख डच सरकारकडे गेला आणि मधली काही वर्षे वगळता दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्याच्याच ताब्यात राहिला. इंडोनेशियाने १९४५ मध्ये स्वातंत्र्य घोषित केल्यावर डचांनी दोन लष्करी मोहिमा काढल्या. दुसऱ्या मोहिमेनंतर जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. डचांना वाकवण्यात मात्र अमेरिकेचा दबाव सर्वांत मोठा ठरला. युद्धाने उद्ध्वस्त झालेला हा देश तेव्हा युरोपच्या पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेच्या मदतीवर उभा राहत होता आणि ती मदत थांबेल असा इशारा मिळताच वाटाघाटींना वेग आला. २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्तांतर झाले. तरीही वसाहत सरकारचे चारशे कोटींहून अधिक गिल्डरचे कर्ज नव्या देशाच्या माथी मारण्यात आले, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

या इतिहासाची आठवण मला फेल्डहोवनच्या संदर्भात वारंवार होते. आइंडहोवनची भरभराट फिलिप्समुळे झाली. १८९१ मध्ये विजेचे दिवे बनवण्यासाठी हा कारखाना सुरू झाला, तेव्हा नेदरलँड्समध्ये पेटंटचा कायदाच नव्हता. तो १८६९ मध्ये रद्द झाला होता आणि १९१२ पर्यंत पुन्हा आला नाही, त्यामुळे परदेशात लागलेले शोध इथे मोकळेपणाने वापरता आले. जे देश आज बौद्धिक संपदेचे सर्वांत कडक राखणदार आहेत, त्यांच्या बाल्यावस्थेविषयी हे आवर्जून लक्षात ठेवावे. याच फिलिप्सच्या भागीदारीतून १९८४ मध्ये एएसएमएल जन्माला आली. तिच्या यंत्राचे आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेसर जर्मनीच्याच ट्रुम्फचा आणि प्रकाशाचा स्रोत अमेरिकेतील सॅन डिएगोचा आहे. एकाच देशाने हे यंत्र बनवलेले नाही आणि म्हणूनच एकट्या नेदरलँड्सच्या इच्छेने ते विकलेही जात नाही. सर्वांत प्रगत यंत्रे चीनला पाठवण्याचा परवाना डच सरकारने अमेरिकेच्या आग्रहानंतर दिला नाही, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून त्याखालच्या दर्जाच्या काही यंत्रांनाही परवाना सक्तीचा झाला. १९४९ मध्ये मदतीची दोरी अमेरिकेच्या हातात होती, आता सुट्या भागांची आहे. अमात्यांच्या काळी सावकाराच्या पाठीशी एक राज्य असे, या सावकाराच्या खांद्यावर मात्र एकाच वेळी अनेक राज्यांचे हात आहेत.

गेल्या उन्हाळ्यात बाबा इथे आले होते. ते इतिहासाचे शिक्षक होते, त्यामुळे फुलांच्या बागांपेक्षा त्यांना हेगच्या शांतता प्रासादाची ओढ अधिक होती. अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींच्या पंधरा लाख डॉलरच्या देणगीतून उभारलेली ही इमारत १९१३ मध्ये खुली झाली आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आंतरराष्ट्रीय न्यायालय याच इमारतीत आहे. बाबांनी कुंपणाशी उभे राहून पहिला प्रश्न विचारला तो पाकिस्तानात फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधवांविषयी. नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी इथेच भारताची बाजू मांडली आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी परदेशी कैद्याला त्याच्या वकिलातीशी संपर्क देण्याविषयीच्या व्हिएन्ना कराराचा पाकिस्तानने भंग केल्याचा निकाल दिला. फाशीची अंमलबजावणी थांबली, पण शिक्षा रद्द करण्याची मागणी मान्य झाली नाही आणि जाधव घरी परतलेले नाहीत. या न्यायालयाकडे पोलीस नाहीत. अमेरिकेने तर २००२ मध्येच असा कायदा केला की हेगच्याच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने आपला सैनिक ताब्यात घेतल्यास त्याला सोडवण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय राष्ट्राध्यक्षांना योजता यावेत, आणि नेदरलँड्स हा तर अमेरिकेचा लष्करी मित्र आहे.

तरीही कायद्याचे हे माहेरघर होणे हीसुद्धा सत्ताच आहे, असे मी बाबांना म्हटले. जवळच्याच डेल्फ्ट गावात जन्मलेल्या ह्यूगो ग्रोशियस या कायदेपंडिताने समुद्र सर्वांना खुला असल्याचा सिद्धान्त १६०९ मध्ये मांडला, तो पूर्वेच्या समुद्रात कंपनीच्या माणसांनी पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या समर्थनासाठी लिहिलेल्या मजकुरातून. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हणजे लूट आधी आणि नियम नंतर?” मी हो म्हटले, पण त्याच नियमाचा आधार पुढे दुबळ्या देशांनाही घेता आला, हेही सांगितले.

स्वतःच्या भूतकाळाकडे पाहण्याची इथली रीत अलीकडे बदलते आहे. होर्न गावात १८९३ मध्ये उभारलेल्या कूनच्या पुतळ्याखाली आता त्याच्या क्रौर्याचाही उल्लेख आहे. गुलामगिरीबद्दल पंतप्रधानांनी २०२२ मध्ये आणि राजाने २०२३ मध्ये माफी मागितली, आणि त्याच वर्षी इंडोनेशिया व श्रीलंकेला ४७८ वस्तू परत करण्याचा निर्णय झाला. कागद मात्र इथेच आहेत. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीची दप्तरे सुमारे सव्वा किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर आहेत आणि त्यांत वेंगुर्ल्याच्या वखारीतून गेलेली पत्रेही आहेत. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या वलंदेज कारकून आमच्या गावातून लिहून पाठवीत, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या वाचण्यासाठी डच भाषेकडे वळावे लागते.

यातील बरीच पाने आता संगणकावर पाहता येतात. बाबांच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे रोज रात्री ती उघडून बसत असू. ते वळणदार हस्ताक्षर दोघांनाही वाचता येत नव्हते, पण एका पानावर ‘विंगुर्ला’ हा शब्द बाबांनीच आधी ओळखला आणि मला तो मोठा करायला सांगितला. त्या पानाची छापील प्रत मी त्यांना काढून दिली आणि विमानतळावर जाताना ती त्यांनी सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत घेतली.