राहून गेलेला एक कागद

अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेच्या कार्यालयात विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळण्याचे काम मी करते. त्या दिवशी सकाळी एक गृहस्थ खिडकीशी आले, स्वतःचे ओळखपत्र आणि सातवीतल्या एका मुलीचा जन्मदाखला त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि तिची संपूर्ण फाइल आजच्या आज पाहायची आहे, असे अतिशय शांतपणे सांगितले. दाखल्यावर वडील म्हणून त्यांचेच नाव होते. मुलीला शाळेत घालताना तिच्या आईने "हिच्या वडिलांना काही कळू देऊ नका" एवढे मला तोंडी सांगितले होते. कागद मात्र एकही दिला नव्हता.

अशा वेळी सरळ नकार द्यावा, असे कोणालाही वाटेल. पण १९७४ चा फर्पा हा कायदा विद्यार्थ्यांच्या नोंदी परक्यांपासून जितक्या झाकतो, तितक्याच त्या पालकांसाठी उघड्या करतो. आईवडील विभक्त झाले आणि मुलाचा ताबा एकाकडे गेला, तरी दुसऱ्याचा नोंदी पाहण्याचा हक्क आपोआप संपत नाही. तो हक्क स्पष्टपणे काढून घेणारा न्यायालयाचा आदेश किंवा तशीच कायदेशीर तरतूद असल्याचा पुरावा शाळेच्या हाती असावा लागतो. माझ्याकडे तसा पुरावा नव्हता, आणि फाइलीच्या पहिल्याच पानावर त्या मायलेकींचा राहता पत्ता होता.

मला आधार झाला तो मुदतीचा. अर्ज आल्यापासून ४५ दिवसांच्या आत नोंदी दाखवायच्या, असे कायदा म्हणतो. त्याच दिवशी दाखवल्याच पाहिजेत, असे म्हणत नाही. मी त्यांच्याकडून लेखी अर्ज घेतला, नियम जसा आहे तसा सांगितला आणि ते गेल्यावर आधी आमच्या वकिलांना व मग मुलीच्या आईला फोन केला.

ती तासाभरात कामावरच्या गणवेशातच धावत आली. पिशवीतून तिने प्लॅस्टिकच्या पाकिटातला, घड्या पडून मऊ झालेला आदेश काढला. वडिलांचा शाळेच्या नोंदी पाहण्याचा हक्क रद्द केल्याचे त्याच्या तिसऱ्या पानावर स्पष्ट शब्दांत लिहिले होते. न्यायालयाने दिलेला आदेश शाळेला आपोआप कळत असेल, असे ती दोन वर्षे समजत होती. आदेशाची प्रत फाइलीला लागली आणि वकिलांच्या सल्ल्याने वडिलांना लेखी नकार गेला.

पण त्यांना ही शाळा सापडली कशी, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. उत्तर आमच्याच वार्तापत्रात होते. आदल्या आठवड्यात निघालेल्या अंकातील गुणवंतांच्या यादीत त्या मुलीचे नाव होते आणि तो अंक शाळेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येत होता. नाव, इयत्ता, छायाचित्र, मिळालेली बक्षिसे अशा तपशिलांना फर्पाच्या भाषेत 'डिरेक्टरी इन्फर्मेशन' म्हणतात. ते शाळेला पालकांची वेगळी संमती न घेता प्रसिद्ध करता येतात, मात्र त्याआधी तशी सूचना देऊन नकार कळवण्याची संधी पालकांना द्यावी लागते. ती संधी देणारा पिवळा कागद आम्ही प्रवेशाच्या गठ्ठ्यात, बसच्या वेळापत्रकाच्या मागे लावून देतो. तिच्या फाइलीत तो नव्हता. मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "असा कागद होता?" गठ्ठा तिच्या हातात मीच दिला होता. तिची भीती तिच्याच तोंडून ऐकूनही तो कागद वर काढून, त्यावर बोट ठेवून मी तिला समजावला नव्हता. नियमाप्रमाणे सूचना दिली होती, एवढेच मला म्हणता येत होते, आणि ते मी तिला म्हटले नाही.

त्या दुपारी तिने तो कागद माझ्या टेबलाशी बसून भरला. संकेतस्थळावरचा अंक आम्ही लगेच उतरवला. छापील प्रती मात्र मुलांच्या दप्तरांतून केव्हाच घरोघरी गेल्या होत्या.