आमचे सर आणि सनाभि

स्मरणिकेसाठी चार ओळी पाठव म्हणून फोन आला आणि खरं सांगतो, शाळा म्हटली की मला आपले संस्कृतचे सरच आठवतात, बाकी सगळं मागे पडतं.

नववीत समास चालू होते. सरांनी फळ्यावर सहोदर लिहिलं, समानम् उदरं यस्य सः, बहुव्रीही, म्हणजे एका पोटचे. मागच्या बाकावरनं आवाज आला, "मगे ह्येचो भाव सहोदर न्हय!" माझी आई लहानपणीच गेली, धाकटा दुसऱ्या आईचा, सगळ्यांना माहीत. वर्ग हसला.

सर काहीच बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत मला गेटाबाहेर नेलं, तिथे जांभ्याचे चिरे घेऊन आलेली बैलगाडी उभी होती. चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे आरे बसतात त्या मधल्या लाकडावर, हात ठेवायला लावला. "संस्कृतात ह्याला नाभि म्हणतात, आपली बेंबी पण नाभिच. आता आरे मोज." बारा होते. "सगळे कशात बसलेत? मग समाना नाभिः यस्य सः कोण?" मी म्हटलं, सनाभि. समानचा नुसता स कसा होतो त्याचं पाणिनीचं सूत्रही त्यांनी तिथेच म्हटलं, गोत्र, नाभि, बंधु असे शब्द पुढे आले की होतो, आणि मग अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, "सपिण्डास्तु सनाभयः", सपिंड तेच सनाभि. सपिंड म्हणजे बापाकडून सात पिढ्या, आपली भावकीच की. एरवी कडक पुस्तकी बोलणारे सर शेवटी म्हणाले, "तुमचो बापूस एकच मा? मगे झाला."

बोटं वंगणाने काळी झालेली. घरी आईने, म्हणजे धाकट्याच्या आईने, रॉकेलच्या बोळ्याने एकेक बोट पुसून दिलं, कुठे हात घालून आलास म्हणून ओरडत. तिला काही सांगितलं नाही.

पुढे मी मुंबईला बँकेत लागलो, मॅनेजर होऊन रिटायर झालो, डोंबिवलीत असतो. शाळेची कौलं जाऊन स्लॅब पडला, गळायचं थांबलं हे बरंच झालं, पण पाऊस कौलांवर वाजायला लागला की सर शिकवायचं थांबून ऐकत बसायचे, ते आता कुठलं.

धाकटा देवगडला हापूसची कलमं बघतो. हा किस्सा त्याला मी पन्नाशीनंतर सांगितला, गणपतीत, तर तो काहीच बोलला नाही. पुढच्या सीझनला नवा टेम्पो घेतला, त्याच्यावर पेंटरकडून मोठ्या अक्षरात सनाभि लिहून घेतलंय. लोक विचारतात, ही खयची देवी?