सोलापूरची जुनी बोर्डिंगं: रिक्षात बसण्याआधी वाचा

"स्टेशनबाहेर पडा, रिक्षावाल्याला नुसतं 'जुनं बोर्डिंग' म्हणा, थेट दारात सोडेल. तासाभरात बघून होतं." एका माहीतगार सोलापूरकरानं हे छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्या भरवशावर कोणी निघणार असेल तर आधी थांबा.

सोलापुरात जुनं बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, एक नाही. खेड्यापाड्यातली पोरं हायस्कुलासाठी शहरात यायची, राहायची सोय ज्या त्या समाजानं आपापली केली. लिंगायतांचं, जैनांचं, अमेरिकन मराठी मिशनचं, असं प्रत्येकाचं वेगळं. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं तेही इथंच, ४ जानेवारी १९२५ ला. सभा स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. सोलापूर नगरपालिकेनं त्याला ४०,००० रुपयांची मदत दिली होती. त्या काळातले चाळीस हजार! हा इतिहास डोक्यात ठेवून गेलात तर इमारती बोलतात, नाहीतर नुसत्या दगडी भिंती.

आता रिक्षा. "कुठलं बोर्डिंग म्हणलालाव?" असं त्यानं एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडी सोडली. डफरीन चौक, सात रस्ता, रंगभवन, पुन्हा सात रस्ता. एका गेटपाशी उतरवलं ते मुलींचं हॉस्टेल निघालं, तिथल्या मावशींनी हाकललं. दुसरीकडे मंगल कार्यालय. मीटर शोभेचा. शेवटी दोनशे रुपये मागितले, वर "सायेब, फिरवलं की एवढं" हेही ऐकवलं. मी दिले, कारण डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. परतताना शेअर रिक्षात सीटवर बसून वीस रुपयांत आलो. तेव्हा संस्थेचं पूर्ण नाव आणि जवळचा चौक कागदावर लिहून न्या, भाडं बसण्याआधी ठरवा, आणि "बोर्डिंग" एवढंच म्हणू नका.

ज्या बोर्डिंगात अखेर आत गेलो त्याचं नाव देत नाही. वॉचमननं आधी परवानगीची चिठ्ठी मागितली, मग फोटोचे शंभर. पावती विचारली तर हसला. पैसे देऊ नका. आदल्या दिवशी फोन करून कार्यालयातून परवानगी घ्या, ती फुकट मिळते. चिठ्ठी मागण्यात त्याचं चूक नाही, आत अजून पोरं राहतात. शंभर मागण्यात आहे.

आतलं मात्र पैसे वसूल. काळ्या दगडाचं जोतं, लांबलचक ओसरी, सागवानी खांब. खांब बरोबर पोराच्या खांद्याच्या उंचीवर झिजलेत, वळताना हात टेकून टेकून. जेवणघरात शहाबादी फरशी. पंगतींच्या मधली वाढप्यांची वाट तेवढी आरशासारखी गुळगुळीत, दोन्ही बाजू अजून खरखरीत. मागच्या आडाच्या काठावर दोरानं पडलेल्या खाचा आहेत, माझं बोट पेरभर आत गेलं. एका बाजूची कौलं काढून पत्रे टाकलेत, त्या खोल्यांत मिनिटभर उभं राहवत नाही. ज्यानं हे केलं त्याला मे महिन्यात तिथं झोपवायला हवं.

मैदान बघायला जाऊ नका, अर्धं गाड्यांनी भरलेलं असतं.

हरिभाई देवकरण प्रशाला रस्त्यावरूनच बघितली, शाळा चालू होती. तेवढं पुरे. वारदांची जुनी इमारत, इंद्रभुवन, देखणी आहे, पण त्यावर सगळेच लिहितात. दुसऱ्या दिवशी भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव झाला, निवांत, काही अडचण नाही. रात्री पार्क चौपाटीवर खाणं.

वेळ म्हणाल तर नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी साडेसात ते दहा. त्यातही १२ ते १५ जानेवारी टाळा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत अर्धे रस्ते बंद असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, इमारती कितीही सुंदर असोत, येऊ नका. चप्पल नको, बूट घाला, मागच्या अंगणात बाभळीचे काटे आहेत. आणि पाणी आपलं आपण न्या. आत पिण्याच्या पाण्याचा कूलर दिसेल, पण त्याला पाणी एक बादलीभर येतं आणि ते पोरांना संध्याकाळपर्यंत पुरवायचं असतं. तिथं बाटल्या भरत उभे राहू नका.