करवंटीतला चिखल

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ला रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. आमच्या बागेतले उरलेसुरले हापूस एका दिवसात खाली आले, वीज गेली ती गेलीच, आणि काकू पडलेले आंबे निवडता निवडता वादळाचा उद्धार करत होती. मी मात्र मनातून खूश होते. घरात हे बोलायची सोय नव्हती.

सड्यावरचे खळगे भरले असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गावामागचा सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. याच सड्यांवर रत्नागिरीची कातळशिल्पं सापडतात, त्यामुळे हल्ली लोक तिकडे वळतात, पण खळग्यांकडे कोणी बघत नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, कुठे गुडघाभर, कुठे चार बोटं. त्या पाण्यात फेअरी श्रिम्प असतात. कोळंबीच्या लांबच्या नात्यातले, नखापेक्षा थोडे मोठे, पारदर्शक, पायांच्या अकरा जोड्या हलवत उताणे पोहणारे. मासा असेल तिथे यांचा निभाव लागत नाही, म्हणून असली चार दिवसांची डबकी यांना मानवतात. डबकं आटलं की हे मरतात, आणि अंडी चिखलाच्या पापुद्र्यात कोरडी पडून राहतात, पुढच्या पाण्यापर्यंत.

गोड्या पाण्यातल्या बारीक जीवांची संख्या कशी वाढते, कशी कोसळते, हे मोजण्यात माझी पंधरा वर्षं गेलीत. पीएचडी डॅफ्नियावर, म्हणजे पाणपिसवांवर. बरणीत एक मादी सोडायची, रोज पिल्लं मोजायची. आलेख चढतो, खाणं कमी पडलं की वाकतो. फार गुळगुळीत काम. त्यातून एक खोड लागली, की पाण्यात पोहताना दिसतात तेवढेच खरे.

टाळेबंदीमुळे सूक्ष्मदर्शक पुण्यात आणि मी गावात. हाताशी दहापट दाखवणारं भिंग, चहाची गाळणी, पांढरी बशी आणि शाळकरी वही. तीन खळगे ठरवले. पहिला खोल, दुसरा मधला, तिसरा ताटासारखा उथळ. पाऊस थांबल्यावर तिसऱ्या दिवशी बशीत पाणी घेतलं तर नुसती वळवळ. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं की पिल्लं आहेत.

पुढचा आठवडा मी पहाटे चढत होते, कारण नऊनंतर कातळावर पाय ठरत नाही. काकू विचारायची, "काय गो, माशे गावले काय?" नाही म्हटलं की तिला माझ्या शिक्षणाची काळजी वाटायची.

२५ मेची सकाळ माझ्या वहीत दोन पानांची आहे. तिसऱ्या खळग्यात पाणी बोटाच्या एका पेराइतकं उरलं होतं आणि ते हाताला कोमट नव्हे, गरम लागत होतं. सगळे जीव सर्वांत खोल कोपऱ्यात एकवटले होते, एकमेकांवर आपटत होते. गाळणी फिरवली की मूठभर यायचे. बशीत घेऊन एकेक मादी भिंगाखाली बघत बसले. यांची अंड्यांची पिशवी पायांच्या मागे लोंबते, भरलेली असली की भिंगातून दाणे दिसतात. पहिल्या खळग्यातल्या माद्यांच्या पिशव्यांत दाणे होते. तिसऱ्यातल्या एकीच्याही नव्हते. वयाला आल्याच नव्हत्या. आणखी दोन-तीन दिवस पाणी हवं होतं.

बाटलीत माझं पिण्याचं पाणी होतं. ओतावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. ओतलं असतं तर मोजणी बिघडली असती, आणि तेवढ्याने होणारही काही नव्हतं. अकराच्या सुमारास हालचाल थांबली. कावळ्यांची एक जोडी कडेला येऊन बसली होती, ती माझ्या उठण्याचीच वाट बघत होती.

वहीत लाल शाईने लिहिलं: खळगा ३, उत्पन्न शून्य.

आमच्या शास्त्रात शून्याची भीती वेगळी. संख्या पिढीगणिक गुणाकाराने वाढते. दहा वर्षं दसपट होत गेलेली संख्या एका शून्याने गुणली की सगळी पुसली जाते, मागची चांगली वर्षं कामाला येत नाहीत. डॅन कोहेन या शास्त्रज्ञाने १९६६ साली वाळवंटातल्या एकवर्षायू रोपांबाबत यावरचा हिशेब मांडला. पाऊस बेभरवशाचा असेल तर सगळ्या बिया एकदम रुजवणं परवडत नाही, काही मागे ठेवाव्या लागतात. किती, ते पाऊस किती वेळा दगा देतो त्यावर. मी हे शिकवत आलेय, परीक्षेत प्रश्नही काढलाय. तरी त्या सकाळी लाल शाई वापरली, आणि खळग्याचा कोरडा होत आलेला चिखल खरवडून करवंटीत भरला तो केवळ सवयीने. वाळवून माजघराच्या खिडकीत ठेवला.

जून उजाडला आणि पाऊस लागला. तिसऱ्या खळग्यात चौथ्या दिवशी पुन्हा पिल्लं. मी उड्या मारायला हव्या होत्या, पण शंका आली. जोराच्या पावसात सड्यावर पाण्याचा पाट वाहतो. पहिल्या खळग्यातली अंडी वाहत तिसऱ्यात आली नसतील कशावरून? म्हशींच्या खुरांना चिखल लागतो, बगळ्यांच्या पायांनाही.

तेव्हा करवंटी आठवली. पागोळीखाली तांब्या धरून पावसाचं पाणी घेतलं, करवंटीत ओतलं, वर काकूची जुनी मलमलची पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज नव्हती, मोबाइलची बॅटरी आडवी धरली तर उजेडाच्या झोतात तांबूस ठिपके झटके देत सरकत होते. सात मोजले. मग काकूला हाक मारली. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये कालच्या पावसात पडले?" नाही, म्हटलं, ह्ये मागल्या वर्षीचे, कदाचित त्याच्याही आधीचे. मेच्या पाण्यात उठलेच नव्हते.

हे सिद्धान्त म्हणून नवं नाही. अमेरिकेत गोड्या पाण्याच्या तळातल्या गाळातून कोपेपॉड नावाच्या जीवांची तीनशेहून अधिक वर्षांची अंडी उबवून झालीत. पण ते वाचलेलं होतं. हे सात फेअरी श्रिम्प माझ्या हातातल्या करवंटीत होते. लाल शाईचं शून्य मी खोडलं नाही, शेजारी पेन्सिलीने "पाण्यातलं" एवढा शब्द लिहिला.

पुढे हा मजकूर शोधनिबंधासाठी पाठवला तेव्हा एका परीक्षकाने विचारलं, तिसऱ्या खळग्यातली एखादी अंडी असलेली मादी नजरेतून सुटली नसेल कशावरून. रास्त प्रश्न. सुटलीही असेल. त्यानंतर मी चिखल पावसाच्या आधीच, एप्रिलमध्ये खरवडते, आणि एकाच चिखलाला तीन-तीनदा भिजवून सुकवते. दरवेळी थोडे उठतात, थोडे राहतात.

तिसरा खळगा आता नाही. चिरेखाण सरकत तिथवर आली, कातळ कापून चिरे ट्रकमधून गेले, वरचा पापुद्रा आधीच बाजूला ढकललेला. त्या चिखलाचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडे बरणीत आहे, झाकणावर तारीख घातलेली. अजून भिजवलेला नाही.