मुलुंड ते लालबाग, बाबा आणि सिलिंडर

बाबांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार, घरी कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू असतो, तरी लालबागच्या चाळीत काकाच्या गणपतीला जायचंच म्हणून हट्ट. जन्म त्याच चाळीतला, नंतर ८२ च्या संपापर्यंत गिरणीत कापसाची धूळ खाल्ली, तिसरा मजला म्हणजे काय मोठंसं असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर हो म्हणाले मग निघालो.

पहिली गोष्ट, वाटेसाठी मागवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर आला की दुकानदाराचा माणूस जायच्या आत दाबाचा मीटर बघा. आमच्याकडे आला तो १५० बारच्या (भरलेला) जागी ८० वर! १० लिटरची टाकी असेल तर ८० गुणिले १० म्हणजे ८०० लिटर, मिनिटाला २ लिटर धरले तर साडेसहा तास. लालबागला गणपतीत ट्राफिक कसा असतो सांगायला नको, दुसरा भरलेला मागवूनच घेतला. आणि टॅक्सी बोलावताना डिकी रिकामी आहे का विचारा, आमच्या पहिल्या गाडीत सगळी जागा सीएनजीच्या टाकीनेच खाल्लेली, परत पाठवली. सहाला निघालो म्हणून बरं, सायनच्या पुढे तरी गाडी हलत होती.

जिना. भाचा सिलिंडर घेऊन पुढे, मागे मी स्टूल घेऊन. चढताना श्वास सोडायचा, ओठ शीळ घातल्यासारखे करून, दर सहा पायऱ्यांना थांबायचं. दुसऱ्या मजल्यावर ऑक्सिमीटरवर (रक्तातला ऑक्सिजन बोटावर मोजणारं यंत्र) ८४ टक्के! बाबा गप्प, नुसता कठडा धरलेला. स्टुलावर बसवलं, बोट गार होतं ते चोळलं, तीनेक मिनिटांत ९०. वर काकू आकडा बघून घाबरल्या, "अगं ९०? वाढव ना जरा!" कोविडपासून सगळ्यांच्या डोक्यात ९४ च्या खाली म्हणजे धोका असं बसलंय. बाबांना डॉक्टरांनी ८८ ते ९२ च सांगितलंय, सीओपीडीत काही जणांना जास्त ऑक्सिजन दिला की कार्बन डायॉक्साइड साठतो, पेशंट गुंगीत जातो, तेव्हा आपल्या मनाने नॉब फिरवू नका.

आरतीला मात्र बाबा बाहेर गॅलरीत. निरांजन, कापूर, उदबत्ती यापासून निदान १० फूट लांब, ऑक्सिजनमुळे कपडे भुर्रकन पेटतात. नळीने नाक कोरडं पडतं म्हणून खोबरेल तेल वगैरेही लावायचं नाही. ते तिथूनच टाळ्या वाजवत होते, "घालीन लोटांगण"ला दम लागला तरी थांबेनात, शेवटी काकानेच मोदक बाहेर आणून दिला.