कानाचा फोटो

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉल आणि बेडरूमच्या मधलं दार पावसाळ्यात फुगलं ते अजून नीट लागत नाही. आई साडेनऊला आडवी होते आणि माझा सिनेमा त्यानंतर सुरू होतो. पाच स्पीकर आणि एक सबवूफर इथे मांडायचे तर आधी दिवाण विकावा लागेल, आणि पहिल्याच स्फोटाला खालचे काका वर येतील ते वेगळंच. म्हणून हेडफोन.

पण हेडफोनवर सिनेमा बघणाऱ्यांना माझं दुखणं कळेल. आवाज डोक्याच्या आतच वाजतो. पडद्यावर हेलिकॉप्टर डोंगरावरून येतंय आणि इकडे ते माझ्या दोन कानांच्या मधे घिरट्या घालतंय.

त्यावर उपाय म्हणून एक वापरलेलं सुपर एक्स-फाय अँप घेतलं, हेडफोनमधला आवाज खोलीत मांडलेल्या स्पीकरमधून आल्यासारखा ऐकवणारं. सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं, २०१८ साली आलेलं. ज्यांनी लॅमिंग्टन रोडवर फिरून असेंबल्ड पीसी जमवलाय, त्यांना याच कंपनीचं साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड आठवत असेल. बोटाएवढी पट्टी आहे. एका बाजूला यूएसबी-सीची वायर लॅपटॉपला किंवा मोबाइलला लावायची, दुसऱ्या बाजूला हेडफोनची पिन. वेगळी बॅटरी नाही, अ‍ॅडॅप्टर नाही.

लावायच्या आधी त्याच्या अ‍ॅपला तीन फोटो हवे असतात: चेहऱ्याचा आणि दोन्ही कानांचे. स्वतःच्या कानाचा फोटो स्वतः काढून बघा एकदा. चार वेळा नुसता खांदाच आला. शेवटी आईला उठवलं. तिने चष्मा लावला, माझी मान ट्यूबलाइटकडे वळवली आणि म्हणाली, "आधी कान पुसून ये. जगाला दाखवतोयस ना?"

कान कशाला हवेत, तर उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मधे डोकं असल्यामुळे थोडा दबून पोचतो. डावं-उजवं मेंदू त्यावरून ठरवतो. पुढे-मागे, वर-खाली मात्र ठरतं ते बरंचसं कानाच्या बाहेरच्या वळ्यांवरून. आवाज त्या घड्यांमधे आपटून आत जाताना त्याच्या तीव्र स्वरांत बारीक बदल होतात, आणि प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या. स्पीकरवरचा आवाज या वळ्यांतून रीतसर येतो. हेडफोन ती वाट टाळून थेट आत शिरतो. मग पट्टीतला प्रोसेसर काय करतो, तर फोटोंवरून बांधलेल्या अंदाजाने प्रत्येक चॅनेलच्या, म्हणजे एकेका स्पीकरच्या वाट्याच्या, आवाजात ते बदल आधीच मिसळून देतो, म्हणजे समोरचे स्पीकर ३० अंशांवर आणि मागचे ११०च्या आसपास मांडलेत असं मेंदूला वाटावं.

पहिला आठवडा मी भलताच खूश होतो. ऑफिसात दोघांना सांगून झालं, ताईला फोनवर ऐकवून झालं. मग एका रविवारी चाचणीची फाइल लावली, ज्यात एक बाई प्रत्येक स्पीकरचं नाव घेते. ती "रिअर लेफ्ट" म्हणाली आणि आवाज आला समोर डावीकडून. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमधे स्पीकरची मांडणी स्टिरिओच राहिली होती. म्हणजे डीव्हीडीवरचे ५.१ चे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सहा चॅनेल लॅपटॉप आधीच दोनात कोंबत होता आणि ते दोन माझी पट्टी खोलीभर पसरत होती. आठवडाभर मी कौतुक करत होतो ते त्याचं! सेटिंग ७.१ केलं, प्लेअरमधेही बदललं, आणि बाई निमूटपणे माझ्या मागे जाऊन उभी राहिली. ताईला हे अजून सांगितलेलं नाही.

त्या रात्री सिनेमात कुणीतरी जिना चढत होतं आणि मी हेडफोन काढून आमच्या दाराकडे बघितलं. मागचा आवाज इतका मागे जातो. संवाद मात्र लॅपटॉपच्या पडद्यातून न येता माझ्या कपाळावरून यायचे. ही अडचण या विद्येत जुनीच आहे. खरा आवाज ऐकताना आपण नकळत मान जराशी हलवतो आणि पुढे की मागे ते पक्कं करतो. इथे मान हलवली की अख्खी खोलीच सोबत हलते. मान कुठे वळली ते ओळखणारी यंत्रं आहेत, स्मिथ या कंपनीचं रिअलायझर तर तुमच्या कानात माइक घालून खऱ्या खोलीतल्या खऱ्या स्पीकरचं माप घेतं. पण ते माझ्या खिशाचं काम नव्हे.

गाण्याला मी ही सोय बंद ठेवतो. ख्याल ऐकताना तानपुरा एकदम मंगल कार्यालयात नेऊन बसवल्यासारखा होतो. जुन्या मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, रेकॉर्डिंगला तर मागे न्यायला काही नसतंच.

गणपतीत आईला नाटकाचं रेकॉर्डिंग ऐकायचं होतं, म्हणून तिच्या मोबाइलवर तिचं खातं उघडलं आणि तिच्या कानांचे फोटो काढले. कुड्या काढायला तिने वीस मिनिटं घेतली. दहा मिनिटं ऐकलं, म्हणाली, "छान आहे, पण कान गरम होतात," आणि झोपायला गेली.

दुसऱ्या रात्री मी पट्टी परत लॅपटॉपला लावली. संवाद पडद्यातून येत होते. अगदी ओठांतून नाही म्हणता येणार, पण कपाळावरून खाली उतरून हातभर पुढे गेले होते. केबल तपासली, सेटिंग तपासलं, सगळं तेच. अर्ध्या तासाने लक्षात आलं, पट्टीत अजून आईचेच कान होते. माझे घालून बघितले, आवाज परत कपाळावर. पुन्हा तिचे, पुन्हा पुढे. माझे फोटो ट्यूबलाइटखाली धड आले नसतील, किंवा काय असेल ते असो. मी आईचेच ठेवलेत.

सकाळी चहा गाळताना तिला सांगितलं. तिने मानही वर केली नाही.

"नाक तुझ्या बाबांचं आणि कान माझे, हे मी बारशालाच म्हटलं होतं. तुझ्या आत्याने ऐकलं नाही."