विहिरीभोवतीचे पंधरा मीटर

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या मागे विहीर आहे. जुना वाडा पाडून इमारत झाली, वाडा गेला पण विहीर राहिली. तिचं पाणी फ्लशला आणि गाड्या धुवायला वापरतो. ठाण्याला पिण्याचं पाणी भातसा आणि उल्हास नद्यांवरून येतं. पिसे, टेमघर किंवा शहाडला दुरुस्ती निघाली की कुठल्या ना कुठल्या भागाचे नळ कोरडे पडतातच. गेल्या मे महिन्यात ती पाळी आमच्यावर लागोपाठ आली आणि सभेत विषय निघाला, विहिरीचं पाणी प्यायला का घेऊ नये?

तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, आम्ही चाळीस वर्षं हेच प्यायलो. काही झालं नाही."

काम माझ्याकडे आलं. मी शहापूर तालुक्यात आरोग्यसेविका होते. तिथे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, वर्षातून दोनदा, पाण्याच्या प्रत्येक स्रोताची पाहणी व्हायची आणि ग्रामपंचायतीला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळायचं. गावच्या विहिरीसाठी जे करत होते, ते स्वतःच्या दारातल्या विहिरीसाठी केलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

आधी नमुना दिला. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणली, तोंडाला हात न लावता भरली, बर्फात ठेवून दोन तासांत पोचवली. अहवाल आला. ई. कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर तेवढीच ओळ फिरली आणि सगळे खूश झाले. माझी नजर खालच्या ओळीवर अडकली. नायट्रेट, लिटरमागे 58 मिलिग्रॅम. भारतीय मानकात मर्यादा 45 ची आहे आणि त्यात सवलत नाही. मैल्यातले जंतू मातीत गाळले जातात, मरतात, पण नायट्रेट पाण्याबरोबर पुढे जातं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. दुसऱ्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ आहे, पावडरच्या दुधावर. अशा बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. मी त्याच संध्याकाळी त्याच्या आईला सांगून आले, "या विहिरीचं पाणी दुधाला घेऊ नकोस, उकळूनही नाही."

मग टेप घेऊन निघाले, सोबत वॉचमनभाऊ आणि प्लंबर. बाटलीतल्या पाण्याने त्या दिवसाचं सांगितलं होतं, पुढे काय होणार ते जमीनच सांगते. विहिरीपासून पंधरा मीटरच्या आत घाण पाण्याचं काहीही नसावं, हा आमच्याकडचा साधा नियम. शेजारच्या इमारतीचं ड्रेनेजचं चेंबर सहा मीटरवर निघालं, तेही चढाच्या बाजूला. विहिरीभोवतीच्या ओट्याला बोट जाईल एवढी भेग होती आणि गाड्या धुतलेलं पाणी तिथेच जिरत होतं. पंपाच्या पाइपासाठी झाकणात पाडलेलं भोक उघडंच होतं, त्याच्या कडेला कबुतरांची विष्ठा वाळली होती. हे सगळं लिहून काढलं, पण 58 हा आकडा एवढ्याने येईल असं मला पटेना.

आजींना खुर्ची टाकून बाहेर बसवलं आणि विचारलं, वाड्यात संडास कुठे होते? त्यांनी काठी उचलली आणि सरळ पार्किंगच्या तिसऱ्या खांबाकडे दाखवली. "तिथे. आधी टोपलीचे होते, मग टाकी बांधली." खांब विहिरीपासून आठ मीटरवर. इमारतीच्या नकाशात टाकीचा पत्ता नाही, कमिटीतल्या कोणाला माहिती नाही. ज्या आजींना मी पाहणीच्या विरोधात समजत होते, त्यांच्यामुळेच पाहणी पुरी झाली. जागेची पाहणी करणाऱ्याने तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी भेटावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

आपल्याकडे खाली काळा कातळ आहे. वर मातीचा थर पातळ असला की खालच्या भेगांतून पाणी फारसं न गाळता वाहतं. म्हणून पावसाची वाट पाहिली. जूनच्या सुरुवातीला एचटूएसची बाटली भरून ठेवली होती, पाण्यात मैल्याचे जंतू असले की तिच्यातलं पाणी काळं पडतं. ती दोन दिवसांनंतरही जशीच्या तशी होती. तीन दिवस धो धो पाऊस झाल्यावर दुसरी भरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. सकाळी पाहते तर पाणी शाईसारखं काळं. ती बाटली मी सभेत टेबलावर ठेवली. त्यानंतर खर्चावर कोणी वाद घातला नाही.

चेंबरसाठी शेजारच्यांकडे तीन खेपा घातल्या, चौथ्या वेळी त्यांनी गळती बंद केली. पाऊस ओसरल्यावर पार्किंगच्या लाद्या उचलल्या. टाकी होती, छत खचलेलं, आत काळा गाळ. उपसा करणाऱ्या गाडीने रिकामी केली, मग भरून टाकली. विहिरीचा गाळ काढला, भोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला ओटा घातला, झाकणाची भोकं बुजवली.

टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, माप मात्र मीच घेतलं. विहिरीचा व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर, म्हणजे साधारण 28 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 70 ग्रॅम पावडर. बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि फक्त वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं. तासाभराने थोड्या पाण्यात क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन उरलं होतं. वॉचमनभाऊंना हे शिकवलं, आता दर आठवड्याला तेच करतात.

ऑक्टोबरच्या नमुन्यात ई. कोलाय नाही. नायट्रेट 51. कमी झालं, पण मर्यादेच्या वरच. इतकी वर्षं जमिनीत मुरलेलं एका पावसाळ्यात निघत नाही. सभेत मी स्पष्ट सांगितलं की हे पाणी प्यायला नाही. काही जण नाराज झाले, एवढा खर्च करून हेच का, म्हणाले. झाकणावर लाल रंगाने "पिण्यासाठी नाही" लिहून घेतलं आणि पंपाच्या नळाची तोटी काढून ठेवली.

आजींनी विचारलं, "तुळशीला चालेल ना?"

"चालेल," म्हटलं. पुढचा नमुना एप्रिलमध्ये घ्यायचा आहे, बाटली आणून ठेवली आहे.